मेंदूतील वाळू आणि ‘तिसरा डोळा’

१/ माळशिरस तालुक्यातील वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. शिवाचा तिसरा डोळा या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनियल ग्रंथीलाही मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘तृतीय नेत्र पिंड’ म्हणतात. वाटाण्याहून लहान अशा या ग्रंथीत वाढत्या वयाबरोबर चुन्याचे कण साचत जातात. हे कण रोगाची खूण की वयाची?

२/ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४९ मध्ये याच ग्रंथीला आत्म्याचे मुख्य आसन मानले होते. १७५३ मध्ये ग्युन्झ या जर्मन वैद्याने पाच मनोरुग्णांच्या पिनियल ग्रंथींत सापडलेल्या खड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आत्म्याच्या आसनात खडा, म्हणजे वेड: हा तर्क त्या काळी सहज पटण्याजोगा होता.

३/ त्यात एक गफलत होती. निरोगी माणसांचे मेंदू तपासल्यावाचून हा तर्क सिद्ध होत नव्हता. १७८५ मध्ये सोमरिंग याने या कणांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. शहाण्यासुरत्या माणसांतही ते आढळतात, हे स्पष्ट झाले.

४/ मग ‘तिसरा डोळा’ आला कोठून? १८८६ मध्ये काही सरड्यांच्या व तुआतारा या प्राण्याच्या डोक्यावरील नेत्रसदृश अवयवाचे वर्णन प्रसिद्ध झाले. १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत मुख्यालय असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापिका ब्लाव्हाट्स्की यांनी १८८८ च्या ग्रंथात ही ग्रंथी लुप्त झालेला तिसरा डोळा असल्याचे मांडले. आज्ञाचक्राशी तिची सांगड आधुनिक काळातली आहे.

५/ विसाव्या शतकात हेच कण उपयोगी पडले. क्ष-किरण चित्रात ते पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसत. ठिपका मध्यरेषेवरून सरकलेला दिसला, की एका बाजूला गाठ वा रक्तस्राव असावा, असा संशय डॉक्टर घेत. सी.टी. स्कॅन येण्यापूर्वी तो मोलाचा दुवा होता.

६/ १९५८ मध्ये लर्नर यांनी गाईगुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळे केले. रात्रीच्या अंधारात स्रवणारे हे संप्रेरक उतारवयात बहुधा घटते. अल्झायमरच्या रुग्णांत ते आणखी कमी आढळते. तरी माणसामाणसांत फरक मोठा, आणि कण तर लहान मुलांतही सापडतात.

७/ म्हणून ‘ग्रंथीचा दगड झाला, तिसरा डोळा मिटला’ असे सांगणारा आजचा दावा १७५३ चीच चूक पुन्हा करतो. कण दिसले, एवढ्यावरून रोग ठरत नाही.