मगनवाडी ते सेवाग्राम : एका चिटणिसाची वाट

श्रोतेहो, राज्याला राजा लागतो आणि फौजेला सेनापती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण राजाचे म्हणणे नेमक्या शब्दांत लोकांपर्यंत पोचवणारा आणि मुलखातली खरी हकीकत राजाच्या कानी घालणारा माणूसही लागतोच. शिवछत्रपतींच्या पदरी बाळाजी आवजी चिटणीस होते. आपल्या वर्धा जिल्ह्यातही असेच एक चिटणीस होऊन गेले. त्यांचे नाव महादेवभाई देसाई.

महादेवभाई मूळचे गुजरातचे. त्यांचा जन्म १८९२ सालचा. वकिलीची परीक्षा दिली, सहकारी बँकेत निरीक्षक म्हणून गावोगाव हिंडले आणि १९१७ साली गांधीजींकडे आले. ते अखेरपर्यंत त्यांच्यापाशी राहिले. पुरी पंचवीस वर्षे!

१९३५ च्या आरंभी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर तिथून पाच मैलांवरच्या सेगावला गेले. आपल्यामागे आश्रमाचा सारा गोतावळा तिथे येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे महादेवभाईंचे बिऱ्हाड मगनवाडीतच राहिले. टपाल घेऊन ते पायी सेगावला जात, दिवसभर काम करीत आणि पुन्हा पायी परतत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. वर्ध्याचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! टपालही काय थोडेथोडके? बुलढाण्याकडच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जाऊ लागली, म्हणून तर १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आता कोणी म्हणेल, पत्रांची ने-आण तर हरकाराही करतो. मग यात विशेष ते काय? विशेष आहे ते निवडीत. कोणते पत्र आजच्या आज बापूंना दाखवायचे, कोणत्याला आपणच उत्तर द्यायचे, कोणत्या पाहुण्याची भेट लगेच घालून द्यायची आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवायला अक्कल लागते. पुढाऱ्याचा वेळ हे संस्थेचे बियाणे असते. ते मुरमाड जागी पडू न देणे, हे चिटणिसाचे पहिले काम.

दुसरे काम वाणीचे. 'हरिजन' साप्ताहिकाचा मोठा भार महादेवभाईंवर होता. गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद त्यांचाच. १९१७ पासून त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यामुळे त्या काळातली कितीतरी बोलणी आज आपल्याला वाचायला मिळतात. गांधीजींचे मन त्यांना इतके उमगले होते, की दोघांच्या लिखाणात फरक करणे अवघड जाई.

पण मन ओळखणे म्हणजे हांजी-हांजी करणे नव्हे. १९३८ च्या मार्चमध्ये ओरिसात देलांग येथे गांधी सेवा संघाचे संमेलन भरले होते. तिथून कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथाच्या देवळात जाऊन आल्या. त्या देवळात तेव्हा हरिजनांना प्रवेश नव्हता. गांधीजींना फार दुःख झाले. त्यांना आधीच नीट समजावले का नाही, असा दोष त्यांनी महादेवभाईंना दिला. बापूंनी गोष्ट फार ताणली, असे महादेवभाईंना वाटले. त्यांनी ते मनात कुढत ठेवले नाही. काम सोडण्याची तयारी दाखवली. गांधीजींनी ती मान्य केली नाही. मग महादेवभाईंनी हा सारा प्रकार 'हरिजन'मध्ये उघडपणे लिहिला. ज्याला धन्यासमोर नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला किंमत असते.

या कामाचे मोल त्यांनी देहाने चुकवले. श्रमाने प्रकृती ढासळली, रक्तदाब जडला, तरी कामाची रीत बदलली नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान महालात, स्थानबद्धतेतच, त्यांनी देह ठेवला. वय अवघे पन्नास. पुढे १९४४ साली कस्तुरबांची समाधी त्यांच्या समाधीशेजारीच झाली.

प्यारेलाल आदी सहकाऱ्यांनी पुढे काम सांभाळले. परंतु पंचवीस वर्षांची ती जाण एका दिवसात दुसऱ्याच्या हाती कशी यावी? महादेवभाईंची थोरवी गाताना हाही धडा आपण घेतला पाहिजे. आपल्या गावातही सोसायटीचे चिटणीस असतात, ग्रामपंचायत अधिकारी असतात, शाळेतले एखादे गुरुजी मुख्याध्यापकांचा निम्मा भार मुकाट्याने वाहत असतात. समारंभात हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. तो पडू द्यावा. पण या माणसांचे खरे बोलणे ऐकून घ्यावे, त्यांच्या हाताखाली एखादा नवा माणूस तयार करावा आणि त्यांना वेळेवर विसावा द्यावा.

सेवाग्रामला महादेवभाईंची कुटी आजही उभी आहे. गुरुजनहो, मुलांना बापूकुटी दाखवायला न्याल, तेव्हा चार पावले पुढे जाऊन तीही दाखवा. आणि जमले तर येताना मुलांबरोबर वर्ध्यापर्यंतची ती वाट पायी चाला.