खारपाणपट्ट्यातला नमुना: बाटलीभर पाण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

वरवट बकालच्या आसपासच्या विहिरींबद्दल आज बोलायचं आहे. विषय घरचाच. पाहुण्याच्या हातात पेला देताना "आमचं पानी चालन का तुमाले?" असं विचारणारा हा मुलूख. तर या पाण्याला गेल्या दीडशे वर्षांत कोणी काय विचारलं, ते आपण पाहू.

आधी जागा समजून घेऊ. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मधे पूर्णेनं साठवलेला गाळाचा जाड थर. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड लागतं, पूर्णेकडे सरकावं तसं खारं होत जातं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. हा खारेपणा कोणा कारखान्यानं आणलेला नाही, तो जमिनीचाच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न मिठाचा होता. भूगर्भशास्त्रज्ञ ए. बी. विन यांनी 1869 मध्ये पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण लिहिलं, तेव्हा इथल्या खाऱ्या विहिरी जाणकारांना ठाऊकच होत्या. मीठ म्हणजे सरकारचा महसूल. त्याच खाऱ्या पाण्यापासून 1930 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी मीठ तयार करून कायदा मोडला. समुद्र नाही, तरी मिठाचा सत्याग्रह झाला! पण हे पाणी रोज पिणाऱ्याचं काय होतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न शेतीचा. खाऱ्या पाण्यानं ओलीत केलं की मातीत सोडियम साचतो, चिकण माती फुगते, पाणी खाली मुरत नाही. वरून काळी कसदार दिसणारी जमीन आतून बंद होते. म्हणून इथे वरची वीतभर माती तपासून भागत नाही. खड्डा घेऊन खालच्या थरांचे नमुने वेगवेगळे काढावे लागतात.

तिसरा प्रश्न जिवाचा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागात किडनीचे आजार घरोघर ऐकू येऊ लागले, तेव्हा सगळ्यांची नजर पाण्याकडे गेली. वान धरणावरून 140 गाव पाणीपुरवठा योजना आली ती याच निकडीतून. तरी "किडनी कशानं जाते?" याला एकच उत्तर अजून ठरलेलं नाही. बाटलीतल्या पाण्यात क्षार जास्त निघाले, एवढ्यावरून आजाराचं कारण सिद्ध होत नाही.

याचा धडा अलीकडेच मिळाला. डिसेंबर 2024 पासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. पहिला संशय पाण्यावर. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, ते खरंच होतं. पण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू तपासला आणि सेलेनियमकडे बोट दाखवलं. पाणी वाईट होतं, म्हणून केसांचा गुन्हेगार तेच, असं धरून बसलो असतो तर गव्हाकडे कोणी पाहिलंच नसतं.

मग नमुना घ्यायचा कसा? बोअर थोडा वेळ चालू ठेवून नळीतलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. बाटली त्याच पाण्यानं विसळायची. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली वेगळी, ती विसळायची नाही. जड धातू तपासायचे तर नमुन्यात आम्ल घालावं लागतं. बाटलीवर जागा, खोली, तारीख लिहायची. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संशयित विहिरीसोबत संशय नसलेल्या विहिरीचंही पाणी घ्यायचं. आपल्याकडे तर हे हवंच. खारेपणा मुळातलाच आहे, त्यामुळे वरून काय मिसळलं ते तुलनेशिवाय कळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरात विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला 45 च्या वर सवलत नाही. आणि नायट्रेट बहुधा खत, उकिरडा, शौचखड्डा यांतून येतं, म्हणजे ते आपल्या हातातलं आहे.

गावात जलसुरक्षक आहेत, तपासणी संच हाताळायला शिकलेल्या बाया आहेत. नमुने जातात, अहवाल येतात, आणि कागद फायलीत पडून राहतो. आम्हाला वाटतं, ग्रामपंचायतीत एक साधी वही असावी. कोणती विहीर, कोणता महिना, काय निघालं. दहा वर्षांची अशी वही असेल, तर पुढचा आजार येईल तेव्हा पाणी आधीपासून असंच होतं की आता बदललं, एवढं तरी डॉक्टरला सांगता येईल. आज ते सांगता येत नाही. ती वही येत्या उन्हाळ्यापासून सुरू करता येईल का, यावर आता तुम्ही बोला.