कर्णाश्मांची साक्ष आणि अटलांटिकमधील सीमारेषा

प्रस्तावना

ऐतिहासिक साधनाची विश्वसनीयता तपासताना ते कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने निर्माण केले, हे प्रश्न विचारले जातात. मत्स्यव्यवसायाच्या इतिहासात मात्र कोणत्याही हेतूविना निर्माण झालेले एक साधन आहे. ते म्हणजे माशाच्या अंतःकर्णातील खडा, अर्थात कर्णाश्म. आपल्या किनाऱ्यावरील कुपा, गेदर यांच्याच कुळातील अटलांटिक ब्ल्यूफिन ट्यूना या महाकाय माशाच्या व्यवस्थापनात या साधनाने बजावलेल्या भूमिकेचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

सीमारेषेची निर्मिती

मेक्सिकोचे आखात आणि भूमध्य समुद्र ही ब्ल्यूफिनची दोन प्रमुख प्रजननक्षेत्रे होत. अटलांटिकमधील ट्यूनांच्या संवर्धनासाठी १९६६ च्या करारान्वये आंतरराष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला. पश्चिमेकडील मासे झपाट्याने घटल्यावर आयोगाने १९८१ मध्ये ४५ अंश पश्चिम रेखावृत्त ही सीमा मानून पूर्व व पश्चिम असे दोन स्वतंत्र साठे कल्पिले. ही रेषा प्रशासकीय सोयीची होती. परंतु पकडीचे हक्क तिच्यावरून ठरू लागले. २००८ साठी पूर्वेकडे, भूमध्य समुद्रासह, २८,५०० टन, तर पश्चिमेकडे अवघी २,१०० टन मर्यादा होती.

मासे ही रेषा ओलांडतात, हे अज्ञात नव्हते. अमेरिकेत फ्रँक मॅथर यांनी १९५४ पासून माशांना खूणचिठ्ठ्या लावून सोडण्याचा उपक्रम चालविला होता. तथापि चिठ्ठी लावण्यापूर्वीचे माशाचे आयुष्य, म्हणजेच त्याचे जन्मस्थान, चिठ्ठीवरून कळत नसे.

साधनाचा शोध

कर्णाश्मावरील वलयांवरून वय ओळखता येते, हे रायबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस या चपट्या माशाच्या अभ्यासातून दाखविले. १९७१ मध्ये पॅनेला यांनी त्यात दैनंदिन थरही असल्याचे निदर्शनास आणले. हे थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हाडांप्रमाणे त्यांची झीज व पुनर्बांधणी होत नसल्याने एकदा साचलेला थर कायम राहतो आणि त्या वेळच्या पाण्याची रासायनिक खूणही त्यात टिकते. खड्याचा गाभा म्हणजे माशाच्या शैशवाची नोंद होय.

भूमध्य समुद्रात बाष्पीभवन अधिक असल्याने तेथील पाण्यात ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे तेथे वाढलेल्या एक वर्षाच्या पिल्लांच्या कर्णाश्मातही ते पश्चिमेकडील पिल्लांपेक्षा अधिक आढळते. प्रौढ माशाच्या खड्याचा केवळ गाभा कोरून काढून त्याची या पिल्लांशी तुलना केली की माशाचे संगोपनस्थळ अनुमानता येते.

२००८ चे संशोधन

जे रूकर, डेव्हिड सेकॉर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही प्रजननक्षेत्रांतील प्रौढ माशांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मासे तेथेच जन्मलेले आढळले. म्हणजे दोन साठ्यांची कल्पना खरी ठरली. मात्र अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील लहान व मध्यम आकाराच्या माशांत भूमध्य समुद्रात जन्मलेल्यांचा मोठा भरणा होता. याउलट उत्तरेकडील अतिविशाल मासे जवळजवळ सर्वच पश्चिमेचे होते. साठे दोन होते, पण त्यांची सीमा नकाशावरील रेषेशी जुळत नव्हती.

याचे परिणाम दुहेरी होते. पश्चिमेकडील समाधानकारक पकड पूर्वेकडून आलेल्या माशांमुळेही असू शकते. तिच्यावरून मेक्सिकोच्या आखातातील छोट्या साठ्याची प्रकृती सुधारली असे मानणे धोक्याचे होते. दुसरे असे की, भूमध्य समुद्रातील अतिरिक्त मासेमारीची झळ अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनाही बसणे अटळ होते.

समारोप

पुराव्याने धोरण तत्काळ बदलले नाही. २०२२ मध्ये आयोगाने स्वीकारलेल्या व्यवस्थापन-पद्धतीच्या चाचणीत दोन्ही साठ्यांचे मिश्रण गृहीत धरले गेले. तरीही पकडीची विभागणी रेषेनुसारच राहिली. दरम्यान २०१६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडील 'स्लोप सी' या तिसऱ्या प्रजननक्षेत्राचा पुरावा प्रसिद्ध झाल्याने दोनच जन्मस्थानांचे गृहीतकही अपुरे ठरले. कर्णाश्माची साक्ष निर्हेतुक असली, तरी तिचे वाचन ज्ञात संगोपनस्थळांच्या तुलनेवरच अवलंबून असते. साधन कितीही बोलके असले तरी त्याला विचारलेल्या प्रश्नांची मर्यादा निष्कर्षांना पडतेच, ही इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेली बाब येथेही प्रत्ययास येते.