वर्कशॉपचा पुरावा

मद्रास ते चिदंबरम मार्गावरच्या एक्स्प्रेस बसचा परवाना कोणाला द्यायचा, हे भांडण दिल्लीपर्यंत गेले. परिवहनाच्या अपिलीय न्यायाधिकरणाने तो सय्यद याकूब यांना दिला होता. मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारण, प्रतिस्पर्धी राधाकृष्णन यांच्या वर्कशॉपबद्दलचा पुरावा न्यायाधिकरणाच्या नजरेतून सुटला, असे त्याला वाटले. लांब पल्ल्याची बस वाटेत बंद पडली तर ती दुरुस्त कुठे होणार, हा प्रश्न प्रवाशांच्या दृष्टीने काही किरकोळ नव्हता.

उच्च न्यायालयाने हे केले ते सर्शिओरारी या रिटच्या, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याची फाइल वर मागवून तपासण्याच्या आदेशाच्या, जोरावर. इंग्रजी अमलात ही रिट काढण्याची ताकद फक्त कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथल्या उच्च न्यायालयांकडे होती, आणि तीही मुख्यतः शहराच्या हद्दीपुरती. गंजाम जिल्ह्यातल्या पार्लाकिमिडीच्या रयतेने वाढीव खंडाविरुद्ध दाद मागितली. खंडाचा हुकूम देणाऱ्या महसूल मंडळाची कचेरी मद्रास शहरातच होती. तरी जमीन आणि रयत हद्दीबाहेरची, म्हणून १९४३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, दार लावून घेतले. याच न्यायाने मुंबईकराला मिळणारी रिट साताऱ्याच्या माणसाला मिळत नसे.

२६ जानेवारी १९५० रोजी सर्व उच्च न्यायालयांना रिटचा अधिकार देणारे संविधानाचे कलम २२६ लागू झाले आणि ही वेस पडली.

याकूब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताचा निकाल लिहिला तो साताऱ्यातच जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. त्यांनी आखलेली रेघ आजही वकिलांच्या तोंडी असते. पुरावा कमी पडतो किंवा त्यातून वेगळा निष्कर्ष निघू शकला असता, एवढ्यावर उच्च न्यायालयाने हात घालायचा नाही. ते अपिलाचे काम. पण ग्राह्य आणि महत्त्वाचा पुरावा चुकीने नाकारला, अग्राह्य पुराव्याच्या आधारे निष्कर्ष काढला, किंवा मुळात पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, तर ती कायद्याची चूक. तिथे निर्णय रद्द होऊ शकतो. वर्कशॉपचा मुद्दा मात्र त्यांनी वस्तुस्थितीचा ठरवला आणि याकूब यांचा परवाना वाचला.

त्याच खंडपीठावरच्या न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही. त्यांनी वेगळा निकाल लिहिला. दोघेही मोठे न्यायाधीश, फाइलही एकच. पुरावा पाहून बाजूला ठेवला की पाहिलाच नाही, हे निकालाच्या कागदावरून ओळखणे किती कठीण असते ते इथे दिसते. म्हणूनच न्यायाधिकरणाने कारणे नीट लिहिणे हा उपचार नव्हे; हरलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

पुढे १९९७ साली एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी न्यायाधिकरणांवरची उच्च न्यायालयांची ही देखरेख संविधानाच्या मूळ चौकटीचाच भाग ठरवली. तेव्हापासून ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, हरलेला सरकारी कर्मचारी आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातो. ‘पुरावा पाहिलाच नाही’ एवढे म्हणून तिथे भागत नाही. वकिलाला फाइल उघडून तो कागद, त्याचे पान आणि निकालातली त्याबद्दल गप्प असलेली जागा दाखवावी लागते.