सॅम्पलर, तालनिर्मितीचा
मुद्रित ध्वनीचे लहान तुकडे पॅडवरील आघाताने हव्या तालात वाजविणारे यंत्र. ई-मू कंपनीचे एसपी-१२०० (१९८७) व रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडविलेले एमपीसी-६० (१९८८) ही यातील पायाभूत यंत्रे. दोन्ही १२ बिटांची. एसपी-१२०० मध्ये जेमतेम १० सेकंदांचा ध्वनी मावे. हिपहॉपचा तुटक, खरखरीत ठेका बऱ्याच अंशी या टंचाईतून घडला (पहा : हिपहॉप). एमपीसीवर १६ पॅड व सीक्वेन्सर असल्याने संपूर्ण रचना एकाच यंत्रावर बांधता येते. रोलंडच्या एसपी-४०४ (२००५) चा भर इफेक्टवर आहे.

महाराष्ट्रात वाद्यवृंद व बेंजो पथकांत रोलंडचा ८ पॅडचा, काठीने वाजविण्याचा ऑक्टोपॅड रुजला. १९८५ च्या मूळ ऑक्टोपॅडला स्वतःचा ध्वनी नव्हता. त्याच घराण्यातील एसपीडी-एसएक्सच्या ९ पॅडवर वादकाला स्वतः मुद्रित केलेले ध्वनी भरता येतात. पंचवटीतील मिरवणुकीत घुमणारा नाशिक ढोलही असा साठविता येतो. मात्र टिपरूचा जोर व चामड्याचा ताण यांनुसार त्याचा नाद दर ठोक्याला बदलतो, म्हणून एकाच ठोक्याचे सौम्य ते तीव्र असे अनेक नमुने घ्यावे लागतात (पहा : ढोल, ताशा, बेंजो).