राजाचा मेहुणा आणि त्याचा गाडीवान

'मृच्छकटिका'चा विषय निघाला की चारुदत्ताचे औदार्य आणि वसंतसेनेचे प्रेम ह्यांवरच बहुधा बोलले जाते. आमचे शिक्षण बेताचे. संस्कृत आम्हांस येत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, मुळाची भाषांतरेही झाली, म्हणून ते आमच्यापर्यंत पोहोचले. वाचताना आमची नजर खिळली ती राजाचा मेहुणा शकार आणि त्याचा दास गाडीवान स्थावरक ह्या दोघांवर.

शकाराच्या मूर्खपणाला प्रेक्षक हसतो. पण त्या मूर्खपणाच्या पाठीशी राजसत्ता आहे, हे शूद्रक आपल्याला विसरू देत नाही. आठव्या अंकात गाडीची चुकामूक होऊन वसंतसेना शकाराच्या बागेत येते आणि त्याला झिडकारते. तिचा जीव घे, असे तो स्थावरकाला फर्मावतो. सोन्याची कडी देऊ करतो. स्थावरक नकार देतो. मालकाची सत्ता आपल्या देहावर आहे, वर्तनावर नाही, असे तो मानतो. पूर्वीच्या पापाने दास झालो, आता आणखी पाप नको, हा त्याचा हिशोब आम्हांस पटणारा नाही. पण मार खाऊनही तो ढळत नाही, हे खरे. अखेर शकार स्वतःच तिचा गळा आवळतो, ती मेली असे समजतो आणि आळ चारुदत्तावर घेतो.

नवव्या अंकात न्यायाधीश शकाराचा दावा त्या दिवशी ऐकायला तयार नसतो. राजाला सांगून तुला काढायला लावीन, एवढी धमकी पुरते. न्यायाधीश दुष्ट नाही. पण खरा साक्षीदार शकाराच्या माडीवर बेड्यांत अडकलेला आहे.

दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेत असता स्थावरक खिडकीतून उडी टाकतो आणि सत्य सांगतो. शकार त्याला गुपचूप कडे देतो; तो ते सर्वांना दाखवतो. त्यावर शकार म्हणतो, हेच त्याने चोरले, म्हणून मी त्याला मारले. लोकांना ते पटते. लाच हाच दासाविरुद्धचा पुरावा ठरतो!

पुढे वसंतसेना जिवंत परत येते, राज्य पालटते. चारुदत्त शकाराला क्षमा करतो आणि स्थावरकाला दास्यातून सोडवतो. दोन्ही कृत्ये थोर आहेत. पण ज्याने मार आणि बेड्या सोसल्या, त्याला क्षमेबद्दल कोणी विचारत नाही. त्याची मुक्तीही बक्षीस म्हणून येते.

नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. त्यापूर्वी शहादा-तळोदा हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. तेथील सालदार वर्षाच्या बोलीवर मालकाच्या घरी राबत असे. तो कायद्याने दास नव्हता. पण मालकाच्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकणे कठीणच होते. अंबरसिंग सुरतवंती ह्यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्याने माणसे जागी केली, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, आणि जमीन व मजुरी ह्यांचा प्रश्न आदिवासींनी स्वतःच्या तोंडाने मांडला. त्यांनी कोणा चारुदत्ताची वाट पाहिली नाही.

म्हणून बड्या माणसाच्या नीतीची चर्चा निघाली की आम्ही आधी एवढेच विचारतो: त्याचा गाडीवान कोठे आहे, आणि त्याला बोलू दिले आहे काय?