जाळीवाला, पान्हेवाला आणि परवाना

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तरणतलावाचा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी एकाच मुद्द्यावर संपतो: कोटेशन कुणाचं कमी? लिफ्टच्या कंपनीचे कागद आपण फाईलला लावतो, वायरमन लायसन्सवाला आहे का ते विचारतो, पेस्ट कंट्रोलवाल्याकडेही परवाना मागतो. तलावाच्या माणसाकडे मात्र पंचवीस वर्षांत कुणी कागद मागितलेला नाही. "त्यात काय, पाणी तर साफ करायचंय!" हे वाक्य मी किमान दहा सभांत ऐकले आहे. पाणी साफ करणे वेगळे आणि तलावाला हात घालणे वेगळे, हा फरक कायद्यात शब्दाशब्दाने लिहून ठेवलेले एक राज्य आहे, ते म्हणजे अमेरिकेतले फ्लोरिडा. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत फ्लोरिडा कशाला, असे काही सभासद म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

खरे तर घरच्या पाण्यावर सरकारी नियम ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी वाड्यावाड्यांत, बंगल्याबंगल्यांत विहिरी होत्या. मलेरियाने शहर बेजार झाले तेव्हा डॉ. बेंटली यांनी चौकशी केली आणि १९११ साली अहवाल दिला. या विहिरींत वाढणारा एका जातीचा डासच रोग पसरवतो, असे त्यांनी दाखवले. मग महापालिकेने विहिरी बुजवा नाहीतर झाका असा लकडा लावला. पारशी, हिंदू, जैन अशा सगळ्यांकडून हरकती आल्या, कारण विहीर म्हणजे नुसते पाणी नव्हे, तिथे पूजा होती, श्रद्धा होती. शेवटी बारीक जाळीच्या झाकणांचा मार्ग निघाला. "माझी विहीर, माझं पाणी" हा युक्तिवाद तिथे टिकला नाही, कारण डास काही कंपाउंडची भिंत पाहून थांबत नाही.

तरणतलावाचा प्रश्न त्याच जातीचा, फक्त तो उभा राहिला दुसरीकडे. पाण्यात सतत क्लोरीन सोडून ते निर्जंतुक ठेवायची पद्धत अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ती तलावांकडेही आली. त्यामुळे पाणी रोज न बदलता तलाव चालवता येऊ लागला. दुसरी गोष्ट म्हणजे काँक्रीट नळीतून फवारायचे यंत्र. ते कार्ल एकली या माणसाने शोधले आणि १९११ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हा गृहस्थ मूळचा प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून संग्रहालयांसाठी नमुने करणारा! फवारलेल्या काँक्रीटमुळे साचे न लावता हव्या त्या आकाराचा हौद करता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंतांची चैन असलेला तलाव अमेरिकेतल्या मध्यमवर्गाच्या परसात पोचला, आणि त्याच्या मागोमाग तो बांधणाऱ्यांचा, दुरुस्त करणाऱ्यांचा आणि आठवड्याला येऊन साफ करणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला.

फ्लोरिडात हवा बारा महिने उबदार, त्यामुळे तिथे तर परसातला तलाव आपल्याकडच्या तुळशीवृंदावनासारखा सर्रास. तिथल्या बांधकाम-कंत्राटदारांच्या कायद्यात तलावाच्या कंत्राटदारांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग कोणताही तलाव बांधू शकतो, हॉटेलचा असो की घरचा. दुसरा फक्त घरगुती तलाव बांधू शकतो. तिसऱ्याला नवा तलाव बांधता येत नाही, पण घरचा असो वा सार्वजनिक, कुठल्याही तलावाची दुरुस्ती आणि देखभाल करता येते: पंप बदलणे, आतला गिलावा नव्याने करणे, फिल्टरची पाइपलाइन बदलणे, हीटर बसवणे. आणि तिघांपैकी कुणालाही पिण्याच्या पाण्याच्या लाइनला किंवा ड्रेनेजला थेट जोडणी करायची मुभा नाही. तलावाचे पाणी उलटे फिरून नळात येऊ नये म्हणून ते काम वेगळे ठेवले आहे.

मग दर आठवड्याला लांब दांड्याची जाळी घेऊन पाने काढणारा, पाणी तपासून औषध टाकणारा माणूस कोणत्या वर्गात बसतो? कुठल्याच नाही. त्याला या कायद्याखाली लायसन्सच लागत नाही. पंप आणि फिल्टर वापरायला लायसन्स नको, पण तेच यंत्र बदलायचे असेल, किंवा बरेचसे खोलायचे असेल, तर हवे. सफाईसाठी यंत्र थोडे जरी सुटे करावे लागले तरी ते काम तिसऱ्या वर्गाचे. त्यातूनही फिल्टर बदलणे तेवढे वगळले आहे! हे वाचताना हसू येते, पण रेघ नेमकी आहे. ती पाण्यावर नाही, पान्ह्यावर ओढली आहे. जाळीवाला मोकळा, पान्हेवाला लायसन्सवाला.

या यादीत एक काम असे आहे की ते पाहून आपल्या कमिटीतल्या कुणालाही आश्चर्य वाटेल. दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करणे हेही लायसन्सचे काम धरले आहे. आपण म्हणतो, पाणी सोडून द्यायला कसले लायसन्स? गंमत अशी की फ्लोरिडात जमिनीखालचे पाणी फार वर असते. भरलेला तलाव स्वतःच्या वजनाने जमिनीत बसून राहतो. रिकामा केला की तो एक मोठे काँक्रीटचे भांडे होतो आणि खालचे पाणी त्याला होडीसारखे वर ढकलते. कडेच्या फरश्या उखडतात, पाइप तुटतात, कधी सबंध हौदच जमिनीबाहेर येतो. म्हणून तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो कधी उघडायचा, पावसानंतर किती थांबायचे, हे जाणणारा माणूस लागतो. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात "गिऱ्हाईक नाहीच, आता रिकामा करून रंगवून घेऊ" असा ठराव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. काळी माती असो नाहीतर मुरूम, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या जमिनीतही पाणी वर आलेले असतेच.

इथे एक खुलासा केलेला बरा, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच "परवाना" म्हणतो. लायसन्स माणसाचे असते, परमिट कामाचे. नवा तलाव खणायचा तर लायसन्सवाला कंत्राटदार हवाच, शिवाय त्या कामाचे परमिट स्थानिक बांधकाम खात्याकडून वेगळे काढायचे आणि शेवटची तपासणी पास करून घ्यायची. त्या तपासणीत काय पाहायचे, यावर फ्लोरिडाने आणखी एक कायदा केला. तो १ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, म्हणजे आपली सोसायटी नोंदली गेली त्याच वर्षी. त्या कायद्याला दोन लहान मुलांची नावे दिलेली आहेत, यावरून तो का झाला ते सांगायला नको. नव्या घरगुती तलावाला चार फूट उंचीचे कुंपण, किंवा मान्यताप्राप्त आच्छादन, किंवा घरातून तलावाकडे उघडणाऱ्या दारा-खिडक्यांना दहा फुटांवर ८५ डेसिबल वाजेल असा अलार्म, किंवा आपोआप बंद होणारे दार, ज्याची कडी जमिनीपासून किमान ५४ इंच उंच असेल. अशी काहीतरी एक सोय असल्याशिवाय तपासणी पास होत नाही. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट. रांगत्या-चालत्या मुलाचा हात तिथे पोचत नाही.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. वरचे वर्ग "घरगुती" तलावाचे. पण फ्लॅटमधल्या लोकांचा सामाईक तलाव घरगुती की सार्वजनिक? फ्लोरिडाने याचे उत्तर आकड्यात दिले आहे. कॉन्डोमिनियम किंवा सहकारी तत्त्वावरची घरे ३२ पर्यंत असतील आणि ती हॉटेलसारखी चालवली जात नसतील, तर त्यांचा तलाव आरोग्य खात्याच्या देखरेखीतून सुटतो. पाण्याचा दर्जा तेवढा खात्याकडेच राहतो. ३३ वे घर आले की तलाव सार्वजनिक धरला जातो. मग तो चालवण्याचे परमिट आरोग्य खात्याकडून घ्यावे लागते, आणि घरी मोकळा असलेला जाळीवालासुद्धा इथे किमान सोळा तासांचा वर्ग करून प्रमाणपत्र घेतलेला असावा, अशी सक्ती खाते करू शकते. आपले फ्लॅट ८४. तिथल्या हिशेबाने आपला तलाव कधीच घरचा नव्हता.

आकड्यावर भांडता येईल, ३२ का आणि ४० का नाही, असे कुणी विचारले तर उत्तर अवघड आहे. पण विचार योग्य वाटतो. घरच्या तलावात कोण उतरले हे आईला माहीत असते. आपल्या तलावात मे महिन्यात ८४ घरांची मुले असतात, त्यात सुट्टीला आलेले मावस-मामे भाऊबहीण, आणि प्रत्येकाला वाटते की बघणारा दुसरा कुणीतरी आहे.

अशा दुसऱ्या कुणाच्या तरी तलावातला धोका अमेरिकेला २००२ साली कळला. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या टबमध्ये तळाच्या जाळीच्या ओढीने धरली गेली. मुलीला उत्तम पोहता येत होते. आईने ओढले, ती सुटेना. दोन मोठ्या माणसांनी मिळून ओढली तेव्हा जाळीच तुटली, पण तोवर उशीर झाला होता. पंप पाणी खेचतो, जाळीचे तोंड शरीराने बंद होते, आणि सगळी ओढ त्या एका जागी येते. त्या आईने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये तिच्या मुलीच्या नावाचा देशव्यापी कायदा झाला. वर्षभरात तो लागू झाला, आणि सार्वजनिक तलावांत त्याने अपार्टमेंटमधल्या रहिवाशांचे तलावही धरले. तळाच्या जाळ्या ठरावीक नमुन्याच्या. एकच जाळी असेल तर ओढ आपोआप तोडणारी किंवा तशीच दुसरी सोय. जाळी किती वर्षे टिकेल हे तिच्यावरच छापलेले असते, कारण उन्हाने आणि क्लोरीनने प्लास्टिक ठिसूळ होते.

आपल्याकडे तलावाच्या पाण्याच्या दर्जासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. म्हणजे जाळीवाल्याच्या कामाला मोजपट्टी आहे, आणि ती कॉन्ट्रॅक्टमध्ये एका ओळीत लिहिता येते. पान्हेवाल्याचे काम मात्र आपण त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये "व इतर किरकोळ दुरुस्ती" या चार शब्दांत बसवत आलो आहोत. येत्या सभेत हे दोन भाग वेगळे करावेत असा ठराव मी मांडणार आहे. पंपाची वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे, खोलण्या-जोडण्याचे काम ज्याने आधी अशी यंत्रे बसवली आहेत त्याच्याकडे आणि लेखी जबाबदारीवर, टीसीएल पावडर आणि अ‍ॅसिड ठेवायच्या जागा निरनिराळ्या, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. खर्च वाढेल. किती ते कोटेशन आल्यावर कळेल.

ठरावाची तयारी म्हणून मी ऑफिसातल्या जुन्या फायली काढल्या. आपल्या तलावाच्या तळाला दोन जाळ्या आहेत. खोल बाजूची २०१४ साली बदलली, तिचे बिल आहे. उथळ बाजूची, जिथे लहान मुले असतात ती, बिल्डरने बसवलेलीच आहे.